बाबांचे दीड पानी मृत्युपत्र

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

पंधरा दिवसांपूर्वी आमच्या वाटणीच्या फेरफाराचा उतारा आणायला तालुक्याच्या गावी गेले होते. बाकावर शेजारी बसलेले एक गृहस्थ मुंबईहून आलेल्या भाच्याला सांगत होते, "आता काय प्रोबेट लागणा नाय. कसोय कागद लिवलो तरी चलता." भाचा मान डोलवत होता. तेवढ्यात माझे नाव पुकारले म्हणून मी उठले, नाहीतर दोघांना तिथेच थांबवून घेतले असते. घरी आले तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. असाच एक "कसोय" लिहिलेला कागद आमच्या घरात निघाला होता आणि त्याने आमची नऊ वर्षे खाल्ली. पत्र लांबले आहे, तरी जमेल तेवढे छापावे ही विनंती.

त्या गृहस्थांचे म्हणणे निम्मे खरे आहे. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ चा. त्याच्या कलम २१३ मुळे मुंबईत केलेले किंवा मुंबईतल्या जागेबद्दलचे हिंदू माणसाचे मृत्युपत्र आधी कोर्टात शाबीत करून घ्यावे लागे. त्यालाच प्रोबेट म्हणतात. ते हातात आल्याशिवाय त्या कागदाच्या जोरावर हक्क सांगता येत नसे. १८७० च्या हिंदू मृत्युपत्र कायद्यापासून चालत आलेली ही रीत. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने हे कलमच काढून टाकले. आणखी एक गोष्ट आमच्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते: सिंधुदुर्गात किंवा रत्नागिरीत बसून, फक्त इथल्याच मिळकतीचे मृत्युपत्र केले तर प्रोबेटची सक्ती त्याआधीही नव्हती. पण आमच्या घरांचे एक पाऊल गावात आणि दुसरे परळ-लालबाग-भांडुपला. त्यामुळे सक्ती नसलेले घर विरळाच.

आता सक्ती गेली. मृत्युपत्र खरे आहे हे दाखवायची पाळी मात्र कुणावरही येऊ शकते. एका वारसाने हरकत घेतली की प्रकरण कोर्टातच जाते, आणि तिथे जुनेच प्रश्न विचारले जातात. करणाऱ्याने सही कुणादेखत केली? साक्षीदार कोण? ते हयात आहेत का? करणारा त्या वेळी शुद्धीवर, समजत्या मनाचा होता का? माझ्या वडिलांच्या कागदाला यातल्या एकाही प्रश्नाचे धड उत्तर देता आले नाही.

बाबा गिरणीत वीव्हिंग खात्यात होते. भांडुपला २८० चौरस फुटांची सोसायटीतली जागा त्यांनी पै पै साठवून १९७८ साली घेतली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो मिटायची वाट पाहून थकल्यावर पुढच्या वर्षी ते आईला आणि आम्हा तिघा धाकट्यांना घेऊन गावी परतले. दादा नोकरीला लागला होता, तो भांडुपलाच राहिला. गावी बाबांनी साठवणीतून दीड एकर कातळाकडेची जमीन विकत घेतली, सुरुंग लावून खड्डे काढले आणि हापूसची ६२ कलमे लावली. पाणी दोन वर्षे आईने डोक्यावरून घातले. त्या बागेवर आम्ही चौघे वाढलो: दादा, मी, भाऊ आणि बाय. बाय सर्वांत धाकटी. आज ती ५२ वर्षांची आहे आणि तिची समज सात-आठ वर्षांच्या मुलीएवढी आहे. तिला एकटे ठेवता येत नाही, पण बागेतला पाडाचा आंबा कुठे पडला ते आमच्यात सर्वांत आधी तिलाच कळते.

२००३ मध्ये बाबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दादाकडे गेले, दोन महिने राहिले. तिथेच ते मृत्युपत्र झाले. गावी कुणाला काही बोलले नाहीत. आम्ही विचारले असते तरी बोलले नसते. एकदा भाऊने विषय काढला होता तेव्हा म्हणाले होते, "मी अजून जितो आसंय, मरणाचो कागद आत्ताच कित्याक करूचो?" गावातल्या प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य मी ऐकले आहे. मृत्युपत्र या शब्दातच मृत्यू आहे, म्हणून काही जण इच्छापत्र म्हणतात. म्हणा, काही हरकत नाही. लिहिले म्हणजे झाले.

२०१२ च्या श्रावणात बाबा गेले. तेराव्याच्या रात्री दादाने बॅगेतून तो कागद काढला. शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर दीड पान टाइप केलेले. (मृत्युपत्राला मुद्रांक लागतच नाही. साध्या कोऱ्या कागदावर केले तरी चालते. हे आम्हाला फार उशिरा समजले.) माजघरात कंदिलासारखा एक बल्ब होता, त्याखाली दादाने तो वाचला. भांडुपची जागा दादाला. "गावची माझी सर्व जमीन" दादा आणि भाऊ यांना निम्मी निम्मी. मुलीला लग्नात दिलेले आहे. आणि शेवटची ओळ: "धाकट्या मुलीचा सांभाळ भावांनी करावा." बाय तेव्हा आईच्या मांडीवर डोके ठेवून झोपली होती.

संपादक महोदय, मला वाटा मिळाला नाही याचे मला त्या रात्री वाईट वाटले, ते मी लपवत नाही. पण त्याहून जास्त काही खटकले ते त्या शेवटच्या ओळीने. सांभाळ करावा, पण कशातून? कोणत्या उत्पन्नातून? भाऊ आजारी पडला तर? दादाच्या मुलांनी नाही म्हटले तर? एका ओळीवर माणसाचे पन्नास वर्षांचे आयुष्य टांगून ठेवले होते.

भाऊ चिडला तो वेगळ्या कारणाने. बाग त्याने सांभाळली होती. कलमांना वेळेवर कल्टार (मोहोर यावा म्हणून घालायचे औषध), मोहोरावर फवारण्या, थ्रिप्स म्हणजे फुलकिडे आले तर रात्री दोनलाही पंप घेऊन उभे राहणे, पेट्या भरणे, वाशीला पाठवणे हे सगळे त्याचे. त्याला बागेचा निम्मा वाटा आणि भांडुपला शून्य. तो म्हणाला, कोर्टात बघू.

२०१३ मध्ये दादाने मुंबईत प्रोबेटचा अर्ज केला. कलम २१३ तेव्हा होते आणि आमचा कागद दोन्ही बाजूंनी त्यात बसत होता: केला मुंबईत, जागाही मुंबईत. कोर्टाची नोटीस आम्हा सर्वांना आली, अगदी बायच्या नावाचीही. पोस्टमनने तिला हाक मारून हातात दिली, तेव्हा ती हरखली, तिला कधी पत्र आले नव्हते. भाऊने हरकत नोंदवली. हरकत आली की साध्या अर्जाचा दावा होतो; पुरावे, उलटतपासणी, तारखा. प्रोबेटची कोर्ट फी महाराष्ट्रात कितीही मोठी मिळकत असली तरी ७५ हजारांवर जात नाही, म्हणून लोकांना वाटते की खर्च काय तेवढाच. वकील, मुंबईच्या फेऱ्या, बुडालेला हंगाम यांचा हिशोब त्यात कुठे आहे?

आता साक्षीदारांबद्दल. मृत्युपत्रावर किमान दोघांची साक्ष लागते, आणि त्या दोघांनी करणाऱ्याला सही करताना पाहिलेले असावे, निदान "ही सही माझीच" हे त्याच्या तोंडून ऐकलेले असावे. त्याच १९२५ च्या कायद्याचे हे कलम ६३. पुढे कोर्टात त्यातला एकतरी साक्षीदार उभा करावा लागतो, हयात असेल तर. आमच्या कागदावर दोन सह्या होत्या. पहिले साक्षीदार चाळीतले, बाबांपेक्षा सात वर्षांनी मोठे. ते २००९ मध्येच गेले होते. दुसरे गिरणीतले सोबती, कराडच्या बाजूला गावी परतलेले. त्यांचा पत्ता मिळायला दीड वर्ष गेले. २०१६ च्या फेब्रुवारीत दादा, भाऊ आणि मी असे तिघे एकाच एसटीने त्यांच्याकडे गेलो. दोघे भाऊ एका बाकावर बसले नाहीत, मी मध्ये बसले.

त्यांच्या अंगणात शेवग्याचे झाड होते. म्हातारबांनी चष्मा लावला, कागद उन्हात धरला, सही ओळखली. "माझीच." मग वर बाबांच्या सहीकडे बोट नेले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. दादा म्हणाला, "काका, बाबांनी तुमच्यासमोर केली ना?" ते म्हणाले, "तू कागद घेऊन माझ्या खोलीवर आला होतास. मी केली सही. तुझे वडील नव्हते तिथे." शेजारच्या गोठ्यात म्हैस हंबरत होती. दादा खाली बघत राहिला. त्याने लबाडी केली होती असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. बाबांचे डोळे नुकते उघडले होते, जिना उतरवत नव्हता, म्हणून तो स्वतःच कागद घेऊन गेला. पण ज्याला जागा मिळणार त्यानेच कागद लिहवून घेतला, त्यानेच साक्षीदाराकडे नेला. कोर्टाने त्यात काय बघावे?

त्या दिवसानंतरही दावा सहा वर्षे चालला.

त्या काळात बागेचे काय झाले ते लिहिते, कारण वकिलाच्या भाषेत ते कुठे येत नाही. मंडळ अधिकाऱ्यांनी वादामुळे मृत्युपत्राची नोंद घेतली नाही. सातबाऱ्यावर आई आणि आम्ही चौघे अशी पाच नावे वारसाने लागली. पाच नावे म्हणजे पीक कर्जाला पाच सह्या. मुंबईची सही येईना, कर्ज मिळेना. बाग कुणाच्या वाट्याला जाणार ते ठाऊक नाही, मग कल्टारवर पैसे कोण घालणार? भाऊने बाग खंडाने दिली. खंडकरीही दोन वर्षांत सोडून गेला, त्याला दोघांकडून दोन नोटिसा आल्या. ज्या कलमांवर चढून आम्ही लहानपणी शिडीशिवाय आंबे काढायचो त्यांच्यावर बांडगुळे माजली. बांडगूळ आंब्याचेच अन्न खाते आणि स्वतः हिरवेगार दिसते. लांबून बघणाऱ्याला वाटते झाड छान आहे. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आले. सात कलमे मुळासकट गेली, एकाच्या खाली मांगराची कौले चुरा झाली. पंचनामा झाला. भरपाईच्या कागदाला सर्व हिस्सेदारांची संमतिपत्रे जोडायची होती. आमची जोडली गेली नाहीत. ते पैसे आजतागायत आलेले नाहीत.

आणि आई २०१९ मध्येच गेली होती. शेवटच्या दिवसांत ती एवढेच विचारायची, "बायचा काय ठरला?"

"गावची माझी सर्व जमीन" या चार शब्दांनीही कमी घोळ घातला नाही. बाबांच्या नावावर दोन तऱ्हेची जमीन होती. एक बाग, स्वतः घेतलेली. दुसरी आजोबांच्या वेळची भातशेती आणि परडे, ज्यात दोन काकांची घरे सामाईक. मृत्युपत्राने माणूस आपली कमाई हवी त्याला देऊ शकतो. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतला फक्त आपला हिस्सा. आणि तो हिस्सा किती, यात मुलीही धरल्या पाहिजेत: २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः हक्क मिळाला, ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते पक्के केले. बाबांच्या कागदात ना गट नंबर, ना क्षेत्र, ना सामाईक कुठले आणि स्वतःचे कुठले. काकांच्या मुलांनाही आपली भातशेती जाते की काय असे वाटून तेही हरकत घ्यायला निघाले होते.

दादाला खात्री होती ती भांडुपच्या जागेची, कारण सोसायटीत नॉमिनी म्हणून त्याचेच नाव होते. मुंबईकर चाकरमान्यांत हा समज घट्ट बसलेला आहे: नॉमिनी म्हणजे मालक. तसे नाही. नॉमिनी म्हणजे विश्वासाने सांभाळणारा. खरे मालक वारस किंवा मृत्युपत्रात ज्यांना दिले ते. सहकार कायद्यात आता स्पष्टच आहे की नॉमिनीला सोसायटी तात्पुरता सभासद करते, वारस ठरेपर्यंत. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ ला हेच सांगितले. नॉमिनी जरूर लावा, बँकेत तर नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत लावता येतात. पण त्याला मृत्युपत्र समजू नका.

२०२२ मध्ये मिटले. कसे मिटले ते सांगायला मला अभिमान वाटतो. गणपतीत दादा गावी आला. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पडवीत तो भाऊजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, "मी अर्ज मागे घेतो." बाबा मृत्युपत्र न करता गेले असे धरून आम्ही चौघांनी समान वाटे मानले. दादाने बागेतला वाटा भाऊला सोडला, भांडुपची जागा दादाकडे राहिली, आणि त्यापोटी त्याने बायच्या वाट्याचे १२ लाख आणि माझ्या वाट्याचे ४ लाख दिले. मी जास्त मागितले नाही, माझे पेन्शन आहे. पण हक्कसोडपत्रावर मी फुकट सही केली नाही, आणि हे मुद्दाम लिहिते. आमच्याकडे बहिणींकडून ही सही माहेरपणाच्या मोबदल्यात घेतली जाते. बहिणीने सोडायचे तर समजून सोडावे, कागदात काय आहे ते वाचून.

बाय सही करू शकत नाही. तिच्या वतीने बोलायला आधी कायदेशीर पालक नेमून घ्यावा लागला. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकारी असलेली स्थानिक समिती बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी असा पालक नेमते. ज्या घरात असे मूल आहे त्यांनी हे काम आई-बाप धडधाकट असतानाच करून ठेवावे. आम्ही रीतसर परवानग्या घेत बसलो त्यात आणखी वर्ष गेले.

आणि मग ट्रस्ट. ट्रस्ट म्हटले की आमच्या गावात देवस्थान आठवते, नाहीतर शाळा चालवणारी संस्था. ते सार्वजनिक न्यास, १९५० च्या कायद्याखालचे, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवायचे. घरच्या माणसासाठी खासगी ट्रस्ट करता येतो, त्याचा कायदा १८८२ चा आहे. मिळकत देणारा एक, ती सांभाळणारे विश्वस्त, आणि जिच्यासाठी सांभाळायची ती लाभार्थी. ट्रस्टला दिलेली वस्तू देणाऱ्याच्या हयातीतच त्याच्या नावावरून निघते, त्यामुळे तो गेल्यावर तिच्यासाठी मृत्युपत्र नको, प्रोबेट नको. आम्ही बायचे १२ आणि माझे ४ असे १६ लाख त्यात ठेवले. विश्वस्त तिघे: मी, भाऊची मुलगी आणि दादाचा मुलगा. पुढच्या पिढीतले दोघे मुद्दाम घेतले, कारण बायला आमच्यापेक्षा जास्त आयुष्य लाभावे अशी माझी इच्छा आहे. व्याजातून तिची औषधे, कपडे आणि भाऊच्या घरी तिला बघायला येणाऱ्या बाईंचा पगार. मुद्दल फक्त दवाखान्यासाठी, तेही दोन विश्वस्तांच्या सहीने. विश्वस्त कमी झाला तर नवा कुणी नेमायचा, आणि बायनंतर उरलेले कुणाला, हेही लिहिले. पैसा होता म्हणून लेखाची नोंदणी सक्तीची नव्हती, तरी केली. स्थावर मिळकत ट्रस्टमध्ये घालायची तर नोंदणी लागतेच आणि मुद्रांकही बघावा लागतो. शेतजमीन आम्ही त्यात घातली नाही. बिगर शेतकऱ्याकडे शेतजमीन जाण्यावर कूळकायद्याच्या कलम ६३ चे निर्बंध आहेत, त्या भानगडीत पडायचे नव्हते.

प्रत्येक घराला ट्रस्ट लागतो असे मी म्हणणार नाही. दोन-तीन समजती मुले, एक घर, एक बाग, तिथे नीट केलेले मृत्युपत्र पुरते. पण घरात बायसारखे कुणी असेल, किंवा मागे अज्ञान मूल राहण्याची भीती असेल, तर "सांभाळ करावा" या शब्दांवर विसंबू नका. मृत्युपत्रातूनच ट्रस्ट करता येतो, तोही मार्ग आहे. बाबांनी २००३ मध्ये भांडुपच्या जागेचे एवढे जरी केले असते!

माझ्या आत्याची गोष्ट थोडक्यात लिहिते. ती नर्स होती, तरुणपणी विधवा झाली, मूलबाळ नाही. आयुष्यभराची कमाई तिची स्वतःची. तिने मृत्युपत्र केले नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे निपुत्रिक विधवेची स्वतःची कमाईसुद्धा नवऱ्याच्या वारसांकडे जाते, माहेरी नाही. शेवटची आठ वर्षे तिचे सगळे भाऊच्या बायकोने केले. पैसे गेले ते तिच्या दिराच्या मुलांना, ज्यांनी तिला वीस वर्षांत पाहिलेही नव्हते. त्यांची काही चूक नाही, कायद्याने त्यांना दिले. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच महिलांना, विशेषतः हिंदू महिलांना, मृत्युपत्र करून ठेवण्याचे आवाहन केले. शिक्षिका, अंगणवाडी सेविका, नर्स, मासळीवर आणि काजूवर संसार उभा केलेल्या बायका, तुमच्या नावावर जे आहे त्याचा कागद तुम्हीच करा.

मी स्वतःचे मृत्युपत्र २०२३ मध्ये केले, तालुक्याच्या गावी, दुय्यम निबंधकांकडे नोंदवून. नोंदणी सक्तीची नाही, फी १०० रुपये. नोंदवलेला कागद हरवत नाही आणि तो करायला मी स्वतः हजर होते हे दिसते, म्हणून नोंदवला. नोंदणी झाली म्हणजे कुणी हरकत घेऊच शकत नाही असेही नाही, तेव्हा बाकीची काळजी घेतलीच. साक्षीदार दोघे माझ्यापेक्षा बरेच लहान: एक माझा जुना विद्यार्थी, पस्तिशीतला, आणि दुसरे आमचे डॉक्टर. मी शुद्धीवर आहे, समजून सही करते आहे, असा दाखला डॉक्टरांनी त्याच दिवशी दिला. दोघांनाही मृत्युपत्रात काही मिळत नाही. दोघांनी माझी सही होताना पाहिली आणि मी त्यांची. प्रत्येक मिळकतीचा गट नंबर, क्षेत्र, आणि ती मला कुठून आली हे लिहिले. घराचा ग्रामपंचायतीचा नंबर, बँक, ठेवी, बांगड्यासुद्धा. वर एक वाक्य घातले, की यात न आलेले जे काही असेल ते अमुक दोघांना समान. व्यवस्थापक म्हणून मुलीला नेमले, तिला जमले नाही तर पुतण्याला. मुलाला सुनेपेक्षा आधी सांगितले आणि सुनेला त्याच संध्याकाळी. जे मुलाला जास्त वाटेल त्याचे कारण कागदातच लिहिले आहे. पुढे मन बदलले तर नवा कागद करता येतो, शेवटचा असतो तोच चालतो.

तुमच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात कूळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा असेल, म्हणजे ती कूळ म्हणून मिळालेली असेल, तर वकिलाला आधी तेच दाखवा. परक्याला ती मृत्युपत्राने देता येईल असे धरून चालू नका. आमच्या मुसलमान शेजाऱ्यांकडे मृत्युपत्राने वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून जास्त देता येत नाही, आणि बांद्याच्या पलीकडे गोव्यात निम्मी मिळकत मुलाबाळांसाठी राखीवच असते. माझी भाची पेडण्याला दिली आहे, तेव्हा कळले. मुंबईतल्या ओळखीच्याने लिहिलेला नमुना सगळीकडे चालत नाही.

शासनाने २०२५ च्या एप्रिलपासून जिवंत सातबारा मोहीम घेतली, मयतांची नावे काढून वारसांची लावली. फार चांगले काम झाले. पण आजोबांच्या एका नावाच्या जागी तेवीस नावे लागली तर भांडण मिटले असे होत नाही, ते फक्त दिसू लागते. महामार्गात ज्यांची जमीन गेली त्यांना विचारा, मोबदल्याच्या वेळी सह्या गोळा करताना काय झाले ते.

माझ्या दोन मागण्या आहेत. एक तालुका विधी सेवा समित्यांकडे: मे महिन्यात आणि गणपतीत, मुंबईची माणसे घरी असतात तेव्हा, गावोगाव मृत्युपत्राची शिबिरे घ्यावीत. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, हे तिथे मोठ्याने सांगावे. दुसरी आपल्याकडे: आपल्या वृत्तपत्राच्या जिल्हा पानावर एखाद्या जाणत्या वकिलाकडून, सातबारा उघडून दाखवत, चार रविवार हा विषय समजावून द्यावा. तो बाकावरचा भाचा कुठेतरी वाचेल.

दादा येत्या मे मध्ये पंधरा दिवस गावी आहे. त्याने आपले मृत्युपत्र इथे, आम्हा सर्वांना पडवीत बसवून वाचून दाखवायचे कबूल केले आहे. साक्षीला माझा तोच विद्यार्थी यायचा आहे. बांडगुळे भाऊने गेल्या पावसाळ्यापूर्वी काढली. यंदा ५५ पैकी ४० कलमांना मोहोर आला आहे.

(घरातल्यांच्या नावांचा बोभाटा नको म्हणून नाव छापू नये.)

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग